मुलांचे आणि तरुणांचे रक्ताचे कर्करोग : निदानाच्या आधीपासून शेवटच्या गोळीपर्यंत

निरभ्र

रक्ताच्या कर्करोगाबद्दल मराठीत जे वाचायला मिळते त्यात एक तर नुसता धीर असतो, नाहीतर रोगाच्या प्रकारांची लांबलचक यादी. कधी काय करायचे, कुठे बिघडते आणि का, हा मधला भाग सहसा सापडत नाही. त्यासाठी हा धागा. या क्षेत्रात काम करणारे इथे बरेच जण आहेत, त्यांनी भर घालावी. वैयक्तिक अनुभवांसाठी वेगळा धागा काढू, इथे फक्त कामाची माहिती ठेवूया.

सुरुवात निदानाआधीच्या दिवसांपासून करतो, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, पुढे नुसते एएलएल म्हणेन. दोन ते पाच वर्षे या वयात तो सगळ्यात जास्त दिसतो. सुरुवात किरकोळ वाटते. अधूनमधून ताप, चेहरा पांढुरका, खेळायला नको म्हणणे, काही लागलेले नसताना अंगावर निळे डाग, आणि दाबले तरी पुसट न होणारे बारीक लाल ठिपके. शिवाय हाडे दुखणे. हे शेवटचे लक्षण फार फसवे. मूल लंगडते, गुडघा सुजतो, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला येतो आणि संधिवात समजून स्टिरॉइड सुरू होते. दोन-तीन दिवसांत मूल खडखडीत! सगळ्यांना वाटते निदान बरोबर होते.

प्रत्यक्षात स्टिरॉइड हे एएलएलवरचेच एक औषध आहे. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनने या पेशी भराभर मरतात. त्यामुळे रक्ताची स्लाइड स्वच्छ दिसते आणि बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) केला तरी त्याचा अर्थ लागत नाही. काही आठवड्यांनी रोग परत येतो, तोवर सुरुवातीचा पांढऱ्या पेशींचा आकडा हातातून गेलेला असतो. उपचार किती कडक द्यायचे हे ज्या गोष्टींवर ठरते त्यात तो आकडा आहे: वय १ ते १० च्या आत आणि पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली असतील तर साधारण जोखीम, नाहीतर जास्त. आकडाच नसेल तर बऱ्याच ठिकाणी मुलाला वरच्या गटात टाकावे लागते, म्हणजे कदाचित गरज नसलेली जास्तीची किमो.

म्हणून कारण न सापडलेला ताप, हाडदुखी, वाढलेल्या गाठी किंवा पडलेले काउंट (रक्तपेशींचे आकडे) यांत स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डोळ्यांनी तपासलेली स्लाइड झालीच पाहिजे. शंका उरली तर बोन मॅरो. संधिवात आणि ल्युकेमिया यांत फरक करायला दोन खुणा उपयोगी पडतात. संधिवातात सकाळी उठल्यावर सांधे आखडतात, ल्युकेमियातले दुखणे मुलाला रात्री झोपेतून उठवते आणि सांध्यापेक्षा हाडात जास्त असते. दुसरी खूण म्हणजे संधिवातात सूज जोरात असली की प्लेटलेट सहसा वाढतात. ईएसआर भरपूर वाढलेला आणि प्लेटलेट मात्र कमी किंवा जेमतेम, असा रिपोर्ट आला तर थांबून विचार करायचा.

सूक्ष्मदर्शी

उत्तम धागा. प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

सीबीसीचे यंत्र पेशी मोजते, ओळखते मात्र ढोबळमानाने. ब्लास्ट म्हणजे अपरिपक्व पेशी. बरीच यंत्रे त्यांना 'लिम्फोसाइट' किंवा 'मोनोसाइट' या खात्यात टाकतात. त्यामुळे छापील रिपोर्टवर "लिम्फोसाइट ८८ टक्के" एवढेच दिसते आणि विषाणूचा ताप म्हणून कागद बाजूला पडतो. यंत्राने इशाऱ्याची खूण दिली असेल, किंवा तांबड्या पेशी, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट यांपैकी दोन गोष्टी एकदम कमी असतील, तर स्लाइड पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलीच पाहिजे.

बोन मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. सुई आत गेल्यावर पहिल्या ओढीत येणारा एक-दोन मिली नमुना सगळ्यात कसदार असतो, नंतरच्या ओढीत नुसते रक्त मिसळत जाते. निदानाच्या वेळी हे खपून जाते, कारण मज्जा ब्लास्टने भरलेली असते. एमआरडीच्या (उपचारानंतर उरलेला आजार शोधण्याच्या) वेळी मात्र पहिलीच ओढ फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीला) द्यायची. पातळ नमुन्यावर 'निगेटिव्ह' आलेली एमआरडी खोटा दिलासा देते.

नळ्यांचाही घोळ होतो. फ्लो आणि जनुकीय तपासण्यांना जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी चालते. कॅरिओटाइपसाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) पेशी जिवंत वाढवायच्या असतात, त्याला हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिनची नळी लागते. तो नमुना ईडीटीएमध्ये तासन्‌तास पडून राहिला की पेशी वाढत नाहीत आणि गुणसूत्रांची माहिती कायमची हुकते, कारण उपचार सुरू झाल्यावर तसा नमुना पुन्हा मिळत नाही.

टिंब

एक शंका. पांढऱ्या पेशी अगदी नॉर्मल असतील तर ल्युकेमिया नाही असे धरता येते का? आणि एमआरडी म्हणजे नेमके काय?

सूक्ष्मदर्शी

नाही धरता येत. निदानाच्या वेळी अनेक मुलांत पांढऱ्या पेशी नॉर्मल असतात, काहींत तर कमीच. आजार मज्जेत असतो, रक्तात ब्लास्ट उतरलेले असतीलच असे नाही.

एमआरडी म्हणजे उपचारानंतर उरलेला अत्यल्प आजार. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत आले की 'रेमिशन' म्हणतात, पण तेव्हाही हजार कोटींपर्यंत पेशी शिल्लक असू शकतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत. फ्लो सायटोमेट्री दहा हजारांत एक पेशी, म्हणजे ०.०१ टक्का इथपर्यंत शोधते. इंडक्शन (उपचारांचा पहिला टप्पा) संपताना, साधारण २९ ते ३३ व्या दिवशी, एमआरडी याच्या खाली असणे हे पुढच्या वाटचालीचे सगळ्यात भरवशाचे लक्षण आहे.

महिन्याभरात रिपोर्ट चांगला आला, मूल हसतेखेळते झाले की 'झाला बरा' म्हणून उपचार सोडणारी कुटुंबे असतात. तिथे ही हजार कोटींची गोष्ट समजावून सांगावी. उपचार सोडले तर आजार परततो, आणि परतताना टिकून राहिलेल्या चिवट पेशी घेऊन परततो.

शुभ्रा

नर्सिंगच्या बाजूने पहिल्या दोन दिवसांचे लिहिते.

बोन मॅरोसाठी भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे हवाच. टी-पेशींच्या एएलएलमध्ये आणि लिम्फोमात (लसिका गाठींच्या कर्करोगात) छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असू शकते. मूल आडवे झोपायला नकार देत असेल, उशीला टेकून किंवा बसूनच झोपत असेल, चेहरा-मान सुजलेली असेल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या असतील तर भूल द्यायची नाही. भुलीत स्नायू सैल पडले की गाठ श्वासनलिका दाबते आणि नळी घालूनही हवा आत जात नाही. अशा वेळी निदान रक्तातल्या पेशींवरून, छातीतल्या पाण्यावरून किंवा बाहेरच्या गाठीवरून, जागेपणी फक्त जागा बधिर करून करतात.

दुसरा धोका ट्यूमर लायसिसचा. पेशी झपाट्याने मरतात, त्यांच्यातले पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात येते, युरिक अ‍ॅसिड वाढते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पांढऱ्या पेशी खूप जास्त असतील किंवा बर्किट लिम्फोमा (फार वेगाने वाढणारा प्रकार) असेल तर हे उपचार सुरू होण्याआधीच घडलेले असू शकते. सलाईन रोज अडीच ते तीन लिटर प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ) या हिशेबाने, आणि त्यात पोटॅशियम अजिबात नको. लघवीचे माप दर तासाला, रक्ताच्या तपासण्या सहा-आठ तासांनी. अ‍ॅलोप्युरिनॉल नवे युरिक अ‍ॅसिड बनू देत नाही, रास्ब्युरिकेज बनलेले फोडते. रास्ब्युरिकेज देण्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता नाही ना हे बघायचे, ती असेल तर तांबड्या पेशी फुटतात.

पहिले लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालणे) अनुभवी हातानेच व्हावे, प्लेटलेट ५०,००० च्या वर आणून. रक्तात ब्लास्ट असताना सुईने रक्तवाहिनी दुखावली तर तेच ब्लास्ट कण्यातल्या पाण्यात जातात. पाठीतून द्यायचा मेथोट्रेक्सेट (किमोचे एक औषध) वजनावर ठरत नाही, वयावर ठरतो, कारण ते पाणी वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच जवळपास मोठ्यांइतके भरते. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये (ठरलेल्या उपचार आराखड्यांत) १ ते २ वर्षे ८ मिलिग्रॅम, २ ते ३ वर्षे १० आणि त्यापुढे १२, काहींत नऊनंतर १५.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. व्हिंक्रिस्टिन हे किमोचे औषध कधीही पाठीतून जाता कामा नये. गेले तर जवळपास नेहमीच मृत्यू. म्हणून ते सिरिंजमध्ये भरायचेच नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून शिरेतून द्यायचे. पिशवी कुणी चुकून लंबर पंक्चरच्या सुईला जोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे. पाठीतले औषध आणि व्हिंक्रिस्टिन एकाच वेळी एकाच ट्रेमध्ये येऊ द्यायचे नाही. पालकांनीही औषधाचे नाव आणि मार्ग मोठ्याने विचारावा, त्यात संकोच नको.

खलबत्ता

शुभ्राताईंच्या ठळक वाक्याला +१००.

व्हिंक्रिस्टिनवर आणखी थोडे. डोस १.५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. त्याने बद्धकोष्ठ होते, जबडा दुखतो, पाऊल लुळे पडते आणि मूल पायऱ्या चढताना बोटे घासत चालते, कधी पापणी खाली येते. पोट साफ राहायचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू असावे. बुरशीवरची औषधे चालू असतील तर जास्त सावध. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही यकृतात व्हिंक्रिस्टिनचा निचरा अडवतात, मग नेहमीचाच डोस विषारी ठरतो. आतडी बंद पडतात, सोडियम घसरते, झटके येतात. बुरशीचे औषध दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिले असेल तर हे हमखास निसटते.

अ‍ॅस्परॅजिनेज या एएलएलवरच्या औषधानंतर तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचे. पोटात वरच्या बाजूला कळ आणि उलटी म्हणजे स्वादुपिंडाची सूज, ती एकदा जोरात झाली की हे औषध सहसा पुन्हा देता येत नाही. न थांबणारी डोकेदुखी किंवा झटका म्हणजे मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. तिसरी अ‍ॅलर्जी. सोबत स्टिरॉइड असल्याने साखरही चढते.

विसावा

या धाग्याच्या नावात 'तरुण' आहेत, पण अजून त्यांच्यावर कुणी बोलले नाही. पंधरा ते तिशी-पस्तिशीपर्यंतचे रुग्ण दोन विभागांच्या मध्ये अडकतात. सतरा वर्षांचा मुलगा बालरोग विभागात गेला तर एक उपचार, मोठ्यांच्या विभागात गेला तर दुसरा.

फ्रान्समध्ये १५ ते २० वयाच्या एएलएल रुग्णांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या प्रोटोकॉलवर पाच वर्षे आजार न उलटता राहिलेले ६७ टक्के, मोठ्यांच्या प्रोटोकॉलवर ४१ टक्के. वय तेच, आजार तोच! मुलांच्या पद्धतीत अ‍ॅस्परॅजिनेज, व्हिंक्रिस्टिन आणि स्टिरॉइड जास्त, पाठीतली इंजेक्शने जास्त आणि लवकर, आणि तारखा पाळण्याचा कडकपणा जास्त. पुढे अमेरिकेत १७ ते ३९ वयाच्या रुग्णांना हीच पद्धत दिली, तिथे तीन वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात होते. म्हणून या वयाच्या एएलएल रुग्णाने पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न असा: "मला दिला जाणारा प्रोटोकॉल मुलांच्या पद्धतीवर बेतलेला आहे का?"

दुसरा प्रश्नही पहिल्याच भेटीतला, आणि तो विचारायला घरचे लाजतात. पुढे मूल होण्याचे काय? वयात आलेल्या मुलाचे वीर्य किमोच्या आधी गोठवून ठेवता येते, त्याला एक-दोन दिवस पुरतात. किमो सुरू झाल्यावर गोळा करू नये, शुक्राणूंची संख्या घटते आणि जनुकीय नुकसानीची शक्यता असते. मुलींत बीजांडे गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. हॉजकिन लिम्फोमात तेवढा वेळ बऱ्याचदा मिळतो, अ‍ॅक्यूट ल्युकेमियात सहसा मिळत नाही. बीजकोषाचा तुकडा काढून ठेवण्याची पद्धत आहे, पण ल्युकेमियात त्या तुकड्यात आजाराच्या पेशी असू शकतात, म्हणून तो परत बसवणे धोक्याचे. हा विषय आईवडिलांशी आणि मुलाशी वेगवेगळा बोलावा. सोळा वर्षांचा मुलगा आईसमोर काहीच विचारणार नाही.

टिंब

एएमएल (अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) आणि लिम्फोमाबद्दलही कुणी लिहा ना. लिम्फोमाची गाठ आणि सर्दीतली गाठ यांत फरक कसा करायचा?

निरभ्र

गाठींचे आधी. मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या, हलणाऱ्या, मऊ गाठी सर्रास असतात, त्यांची काळजी नको. दोन सेंटीमीटरच्या वर, रबरासारखी घट्ट, न दुखणारी आणि चार-सहा आठवड्यांत न उतरणारी गाठ दाखवावी. कॉलरबोनच्या वरची गाठ मात्र कितीही लहान असो, वाट पाहायची नाही. सोबत ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून जास्त उतरणे, ही हॉजकिनची ओळखीची लक्षणे. तपासणी म्हणजे अख्खी गाठ काढून बायोप्सी. नुसत्या सुईच्या तपासणीत हॉजकिन निसटतो, कारण गाठीत मूळ कर्करोगाच्या पेशी फारच थोड्या असतात, बाकी सगळी जळजळीच्या पेशींची गर्दी. जिथे क्षयरोग जास्त आहे तिथे बायोप्सीशिवाय क्षयाची औषधे सुरू होतात आणि त्यात महिने जातात. वेळेवर धरला तर हॉजकिन ९० टक्क्यांहून जास्त मुला-तरुणांत बरा होतो.

बर्किट उलट स्वभावाचा. त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलात आतड्यात आतडे शिरले असेल तर त्यामागे लिम्फोमा नाही ना हे बघायलाच हवे. उपचार थोड्याच महिन्यांचे पण फार जोरकस, आणि इथे आठवडाभराचा उशीरही जड जातो.

एएमएलमध्ये चार-पाच मोठे कोर्स असतात, प्रत्येकानंतर तीन-चार आठवडे काउंट शून्याजवळ. मेन्टेनन्स (शेवटचा लांबलचक, सौम्य टप्पा) बहुतेक प्रकारांत नसतोच. जोखीम जास्त असेल तर पहिल्याच रेमिशनमध्ये मज्जेचे प्रत्यारोपण. यातला एक प्रकार वेगळा ओळखून ठेवावा: एपीएल (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया). हिरड्यांतून, नाकातून रक्त थांबत नाही, अंगावर मोठे डाग, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) कमी. यात पहिल्या दिवसांतला मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावाने होतो. स्लाइडवर नुसती शंका आली तरी जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता एटीआरए सुरू करायचे. हे औषध आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांच्या जोडीने हा आजार ल्युकेमियांतला सगळ्यात बरा होणारा ठरला आहे. पहिले दिवस निभावले पाहिजेत, एवढीच अट.

शुभ्रा

तापावर लिहिते, घरी राहणाऱ्यांना हेच रोज लागते.

न्यूट्रोफिलचा काउंट म्हणजे एएनसी घरीही काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले १००. पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर एएनसी ३९६. पाचशेच्या खाली म्हणजे धोका.

एकदा ३८.३ सेल्सिअस किंवा तासभर ३८ च्या वर (फॅरनहाइटमध्ये १०१ आणि १००.४) ताप आला की थेट रुग्णालयात. पोचल्यापासून ६० मिनिटांत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, आकडा झाकला जातो आणि जंतू तसेच राहतात. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नकोच, प्लेटलेटचे काम बिघडते. गुदद्वारातून तापमान, बत्ती, एनिमा काहीही नको, तिथली बारीक चीरही रक्तात जंतू सोडते. काउंट पडलेले असताना पोटात उजवीकडे खाली दुखत असेल तर ताप नसला तरी दाखवा. आणि स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला राहतो, तेव्हा मूल गळून गेले, हातपाय गार पडले एवढेच पुरे. पोर्ट (औषधासाठी कातडीखाली बसवलेली नळी) फ्लश केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर नळीतच जंतू आहेत असे धरून चालायचे.

टिंब

काउंट कमी असताना फळे, कच्चे काही द्यायचे नाही, सगळे उकळूनच, असे सांगतात. खरे का?

खलबत्ता

माझे मत सावधगिरीच्या बाजूने. ताजे शिजवलेले, गरम असतानाच खाल्लेले. एएनसी पाचशेच्या खाली असेल तोवर कच्ची पालेभाजी नको.

शुभ्रा

खलबत्ता, इथे थोडी असहमत. सरसकट बंदी आणि स्वच्छ अन्नाचे साधे नियम यांची तुलना झालेली आहे, बंदीने जंतुसंसर्ग कमी झालेला दिसला नाही. नुकसान मात्र दिसते. तोंड आलेले मूल आधीच खात नाही, त्यात आवडीचे फळही काढून घेतले तर वजन उतरते. नीट धुतलेले, साल काढलेले फळ द्यावे. कच्चे अंडे, अर्धकच्चे मांस, न तापवलेले दूध, उघड्यावरचे आणि शिळे टाळावे. वाढणाऱ्याचे हात धुतलेले असणे याहून जास्त महत्त्वाचे.

खलबत्ता

साल काढलेल्या फळाला हरकत नाही, मान्य.

आता मेन्टेनन्स. कुटुंबे इथे सैलावतात, म्हणून आकड्यांसकट लिहितो. एएलएलचे एकूण उपचार दोन ते तीन वर्षांचे, त्यातला मोठा भाग घरी गोळ्या घेण्याचा. रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट.

उंची ११० सेंमी, वजन १८ किलो असे मूल धरा. ११० गुणिले १८ म्हणजे १,९८०, भागिले ३,६०० म्हणजे ०.५५, त्याचे वर्गमूळ ०.७४ चौरस मीटर. मर्कॅप्टोप्युरिन प्रति चौरस मीटर ७५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला साधारण ५५ मिलिग्रॅम (काही प्रोटोकॉल ५० च्या हिशेबाने सुरू करतात). गोळी ५० मिलिग्रॅमची, म्हणून आठवड्याचा हिशेब करतात: पाच दिवस एक गोळी, दोन दिवस दीड, एकूण ४०० मिलिग्रॅम. मेथोट्रेक्सेट २० च्या हिशेबाने १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या सहा गोळ्या, ठरलेल्या एकाच वारी. इथे दोन भयानक चुका होतात. आठवड्याचा डोस रोज दिला जातो, किंवा दुकानातून अडीचऐवजी दहा मिलिग्रॅमची गोळी येते आणि सहा म्हणजे ६० मिलिग्रॅम पोटात जातात. दोन्हींत तोंड सोलवटते, काउंट कोसळतात, जीव जाऊ शकतो. डब्यावर वार लिहा आणि प्रत्येक नव्या पाकिटावर मिलिग्रॅम वाचा.

मूल वाढते तसा डोस बदलतो, दर भेटीला उंची-वजन घ्यायचे. प्रोटोकॉलनुसार एएनसी ५०० ते १,५०० च्या दरम्यान ठेवतात. त्याच्या खाली गेला किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली आल्या तर गोळ्या थांबतात, सहा आठवडे सतत १,५०० च्या वर राहिला तर डोस वाढतो. एएनसी उत्तम म्हणजे सगळे छान असे नव्हे. गोळ्या पोटात जात नसतील तरी तो उत्तमच दिसतो.

उलट अगदी थोड्या डोसवरच काउंट कोसळत असतील तर टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ही मर्कॅप्टोप्युरिनचा निचरा ठरवणारी जनुके तपासावीत. दुसऱ्यातला बदल आशियाई वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर डोस नेहमीच्या छोट्याशा अंशावर आणावा लागतो. अ‍ॅलोप्युरिनॉल सोबत चालू झाले तर तेही मर्कॅप्टोप्युरिनचा निचरा अडवते, डोस पाव ते एक तृतीयांशावर आणला नाही तर मज्जाच बसते.

टिंब

गोळी रात्री उपाशीपोटी आणि दुधाशिवायच द्यायची ना?

खलबत्ता

जुना सल्ला तोच होता. नंतरच्या अभ्यासांत जेवण-दूध पाळण्याने आजार उलटण्यात फरक दिसला नाही, फरक दिसला तो गोळ्या न चुकण्याने. ठरलेल्या डोसपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. महिन्याला दोन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेच्या खाली. रोज जमेल ती एक वेळ ठरवा. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून देऊ नका. गोळी कुटायची तर हातमोजे घालून, गरोदर बाईने हाताळू नये. किमोनंतर ४८ तास उलटी, लघवी, लंगोट हाताळतानाही हातमोजे.

विसावा

किशोरवयात याच टप्प्यावर गाडी घसरते. केस आलेले असतात, मित्र परतलेले असतात, गोळीने मळमळते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर सगळी जबाबदारी टाकू नका. गोळी गिळताना घरातल्या मोठ्याने समोर असावे, दरडावणी न करता. आणि कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणाला तर 'खेळून दुखला' म्हणू नका. दहा वर्षांपुढच्या मुलांत स्टिरॉइडने हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो, एमआरआयमध्ये ते लवकर कळते.

टिंब

भावंडांचे काय? त्यांना लस द्यायची का, आणि त्यांनाही हा आजार होईल का?

निरभ्र

हा आजार संसर्गजन्य नाही, आणि बहुतेक वेळा आनुवंशिकही नाही. आईच्या खाण्यापिण्याशी, कुणाच्या दृष्टीशी त्याचा संबंध नाही. जुळ्यांची एकच वार असेल तर मात्र दुसऱ्या बाळाकडे बारीक लक्ष हवे.

उपचार चालू असलेल्या मुलाला जिवंत लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडाचा पोलिओ, द्यायच्या नाहीत. भावंडांना गोवर आणि कांजिण्यांची लस जरूर द्यावी, पोलिओ मात्र इंजेक्शनचा. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची निष्क्रिय लस घ्यावी. शाळेत कुणाला कांजिण्या झाल्याचे कळले तर त्याच दिवशी फोन करा, अँटिबॉडीचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, शक्यतो ९६ तासांत द्यायचे असते. गोवराच्या संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत.

सख्ख्या भावंडाची एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळख) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर आईवडिलांचे किंवा भावंडांचे रक्त मुलाला चढवू नये, त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या तर पुढे अडचण येते. चढवायचे रक्त विकिरणित आणि पांढऱ्या पेशी गाळलेले हवे.

टिंब

सध्या ब्लिनाटुमोमॅब आणि कार-टी हे शब्द सारखे कानावर येतात. सगळ्यांना लागतात का?

निरभ्र

नाही. ब्लिनाटुमोमॅबचे एक टोक ल्युकेमियाच्या बी-पेशीला धरते, दुसरे रुग्णाच्याच टी-पेशीला, आणि दोघांना भिडवते. पंपाने २८ दिवस अखंड द्यावे लागते. २०२४ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साधारण जोखमीच्या बी-एएलएल मुलांना नेहमीच्या किमोसोबत याची दोन आवर्तने दिली. तीन वर्षांनी आजारमुक्त असलेली मुले ८७.९ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली. आधीच चांगल्या असलेल्या गटात एवढी सुधारणा ही फार मोठी गोष्ट आहे. कार-टीला (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याच्या उपचाराला) अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती २५ वर्षांपर्यंतच्या, उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा दुसऱ्यांदा उलटलेल्या बी-एएलएलसाठी. दोन्हींत पहिल्या दिवसांत ताप, रक्तदाब घसरणे आणि बोलण्यात गोंधळ होऊ शकतो. रोज एकच वाक्य कागदावर लिहून घेतात, अक्षर बिघडले की मेंदूवर परिणाम सुरू झाल्याचे कळते.

विसावा

शेवटची गोळी झाल्यावरचा एक मुद्दा. उपचार संपताना रुग्णालयाकडून लेखी सारांश मागून घ्या. त्यात आजाराचा नेमका प्रकार आणि जनुकीय निकाल, प्रोटोकॉलचे नाव, डॉक्सोरुबिसिन-डॉनोरुबिसिन या किमो औषधांचा आजवरचा एकूण डोस, सायक्लोफॉस्फामाइडचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी झाली, हे हवे. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हृदयाचा धोका वरच्या गटातला, त्याला ठरावीक काळाने आयुष्यभर इको लागतो. वीस वर्षांनी त्या मुलीच्या बाळंतपणाआधी तिच्या डॉक्टरांना हाच आकडा लागणार आहे, आणि तोवर जुनी फाइल रुग्णालयात मिळेलच असे नाही.

सूक्ष्मदर्शी

त्या सारांशाला निदानाच्या वेळचा फ्लोचा मूळ रिपोर्टही जोडा. आजार कधी उलटलाच तर पेशींचा तो पहिला ठसा समोर ठेवूनच आम्ही नव्या नमुन्यात शोधतो.